झिंगलेले आटे

लोक दुसऱ्याच्या घरी गेले की भिंतीवरचे फोटो बघतात, पुस्तकांचं कपाट बघतात आणि यजमानाची पाठ वळली की पडद्याचं कापड चिमटीत धरून बघतात. आटेकाका झाकणं बघतात. पाण्याची बाटली, गोळ्यांची डबी, तेलाची बुधली, जे जे फिरवून उघडतं ते ते त्यांच्या हातात जातं. ते उघडायचं, चष्मा कपाळावर सारायचा, काठावरचे आटे डोळ्यापाशी नेऊन न्याहाळायचे, पुन्हा बंद करायचं आणि मान हलवायची. मान उभी हलली तर त्या घराची अब्रू राहिली. आडवी हलली तर काका चहासुद्धा उदास होऊन पितात. एकदा शेजारचे एक म्हातारे गृहस्थ वारले आणि काका सांत्वनाला गेले. सगळे खाली माना घालून बसलेले. काकांच्या हाताला उशाशी राहिलेली औषधाची बाटली लागली. त्यांनी सवयीने ती उघडली, बघितली, बंद केली आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "काय काम केलंय! असं आता होत नाही." मुलाला वाटलं, वडिलांबद्दलच बोलताहेत. तो बिचारा आणखीच रडला.

काका धंद्याने कातारी. वडील कातारी, आजोबा कातारी. वडिलांनी जन्मभर पलंगाचे पाय आणि जिन्याच्या कठड्याचे दांडे कातले. त्यांच्या मागे तोच लाकडी कामाचा लेथ काकांकडे आला आणि काकांनी त्याच्यावर शाईची पेनं करायला घेतली, तीही लाकडाची नाहीत, एबोनाइटची; म्हणजे गंधक घालून दगडासारखं केलेल्या काळ्या रबराची. वडिलांनी हे मरायच्या आधी थोडं पाहिलं होतं. "एवढ्या मोठ्या यंत्रावर एवढंसं काय करतोस?" ते म्हणाले होते. "हत्तीकडून कान कोरून घेतोस होय?"

खरं सांगायचं तर पेन कातणं फार अवघड नाही. दांडा गोल करा, पोकळ करा, घासा, चमकवा. अवघड आहेत ते आटे, टोपण जिथे दांड्यावर फिरून बसतं तिथले. लोखंडी कामाच्या लेथला एक लांब स्क्रू असतो, तो हत्याराला बरोबर हव्या त्या वेगाने पुढे ढकलतो. माणसाने नुसतं बघत उभं राहायचं. लाकडाच्या लेथला तसलं काही नसतं. तो नग फिरवतो, बाकी तुमचं तुम्ही बघा म्हणतो. काकांकडे त्यासाठी एक पोलादी फणी आहे. फणी म्हणजे फणीच. पुढे बारीक दाते, मागे लाकडी मूठ. ती टेकणावर ठेवायची, फिरत्या दांड्याला हलकेच लावायची आणि लावता लावता बाजूला सरकवायची. दांडा एक फेरी फिरेपर्यंत फणी बरोबर एक दाता सरकली पाहिजे. मग पुढच्याने पाडलेल्या चरात मागचा दाता आपण होऊन पडतो. आत, सरक, बाहेर. पुन्हा आत, सरक, बाहेर. प्रत्येक फेरीला चर केसभर खोल होतो आणि शेवटी असा आटा उभा राहतो की टोपण त्याच्यावरून लोण्यातल्या सुरीसारखं जातं.

हे सगळं हात सरळ चालला तर. तो मध्येच अडखळला किंवा उगाच घाईला आला की चर लहरत चढतो. धंद्यात त्याला झिंगलेला आटा म्हणतात. नाव चपखल आहे. लांबून बघाल तर गृहस्थ रस्त्यानेच चाललेला असतो. जवळ गेल्यावर कळतं की त्याला दोन्हीकडच्या भिंती लागतात. अशा आट्यावर टोपण घट्ट होतं, सैल होतं, पुन्हा घट्ट होतं आणि शेवटी वाकडं तोंड करून बसतं.

काकांचा आटा कधी झिंगला नव्हता. हा त्यांचा एकुलता एक गर्व. बाकी गर्व करण्यासारखं त्यांनी काही कमावलं नाही, आणि घरात काकू असल्यामुळे उगाच काही वाटून घ्यायची सोयही नव्हती.

काकू म्हणजे त्यांची बायको. काकांचं काम चालतं ती मागची खोली, तिच्या शेजारी स्वयंपाकघर आणि मध्ये एक खिडकी. खिडकीची काच मागे कधीतरी फुटली, ती बसवायची राहून गेली. त्या रिकाम्या चौकटीतून चहा ठरल्या वेळी यायचा आणि काकूंचं बोलणं येत राहायचं. काकूंच्या बोलण्याची एक घडण होती. प्रत्येक वाक्य 'मी म्हणते' असं सुरू व्हायचं, मधल्या भागात काकांचा एखादा अपराध असायचा, आणि शेवटी 'हो की नाही?' यायचं. या प्रश्नाला उत्तर लागत नसे. ती फक्त पुढच्या वाक्याआधी श्वास घ्यायची जागा होती.

"मी म्हणते, ओला टॉवेल माणसाने दोरीवर टाकावा, हो की नाही? मी म्हणते, पलंग काही दोरी नाही, हो की नाही?"

असं सकाळपासून चालायचं. काका दांडे कातायचे, आटे पाडायचे, आणि तयार झालेलं पेन चौकटीतून पलीकडे द्यायचे. काकू ते मऊ फडक्याने पुसायच्या, टोपण दोन-चारदा उघडमीट करून बघायच्या आणि डबीत घालायच्या. पुसतानाही बोलणं चालूच. पेनाने कधी तक्रार केली नाही.

मग ते जेवण झालं.

काकूंची धाकटी बहीण आणि तिचा नवरा जेवायला आले होते. हे साडू एका मोठ्या कारखान्यात यंत्रविभाग सांभाळून निवृत्त झालेले. तिथे त्यांना सगळे साहेब म्हणायचे. घरी कोणी म्हणत नसे, म्हणून ते इतरांच्या घरी जात. त्या दिवशी काकू वाढता वाढता बोलत होत्या, बोलता बोलता वाढत होत्या, आणि साडू काकांकडे वाकून म्हणाले, "साडूभाऊ, एक विचारू? एवढं रोजच्या रोज ऐकता कसं हो?"

काका खुशीत होते. पोट भरलेलं होतं. अशा वेळी माणसाने तोंड उघडू नये.

"ऐकतो कोण?" ते म्हणाले. "डोक्यावरचा पंखा तुम्हाला ऐकू येतो का? मला आता ऐकूच येत नाही!"

साडू हसले. मेहुणी हसली. काकूही हसल्या, पण सगळ्यांच्या शेवटी, आणि थांबल्या सगळ्यांच्या आधी.

पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना त्या एवढंच म्हणाल्या, "मी म्हणते, ऐकूच येत नसेल तर एवढी वाफ दवडायची कशाला? हो की नाही?" आणि या वेळी 'हो की नाही'च्या पुढे काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकटीतून चहा आला. "चहा," काकू म्हणाल्या. दुपारी म्हणाल्या, "जेवा." संध्याकाळी म्हणाल्या, "दार वाजतंय." हा काही पुरता अबोला नव्हता. कामापुरतं एकेक सुटं नाणं काढून द्यावं तसं होतं.

खोटं कशाला बोलायचं, काकांना हे फार आवडलं. त्यांनी साडूंना फोन करून सांगितलं, "सोन्यासारखे दिवस आलेत हो. लेथच्या पट्ट्याचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. छान आहे."

त्याच सुमारास वकीलबाई आल्या. त्यांच्याकडे काकांचं एक जुनं पेन होतं. समोरचा वकील बोलत असताना त्या त्याच्या तोंडाकडे बघत टोपण सावकाश काढायच्या आणि सावकाश लावायच्या, एवढ्यानेच त्याची अर्धी कलमं चुकायची म्हणे. आता बाईंची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली होती.

"काका, नव्या खुर्चीत बसून पहिली सही करायची ती तुमच्या हातच्या नव्या पेनाने," बाई म्हणाल्या. "काळंच हवं. आणि टोपण असंच हवं, या जुन्यासारखं. बाकी काही बिघडलं तरी चालेल, टोपणात तडजोड नाही."

"टोपणात?" काका हसले. "बाई, टोपणाची काळजी तुम्ही करायची नाही."

त्यांनी एबोनाइटचा चांगला तुकडा निवडला, दांडा कातला, फणी लावली आणि आटे पाडले. भिंग लावून बघितलं. आटा झिंगलेला होता.

त्यांना वाटलं, भिंगच घाणेरडं असेल. पुसून बघितलं. झिंगलेलाच. त्यांनी तो भाग कापून टाकला आणि पुन्हा आटे पाडले. या खेपेला तो भिंत धरून चालत होता. मग काकांनी फणीला धार लावली. टेकण घासलं. पट्टा बदलला. बेअरिंगला तेल पाजलं. मालात खोट असेल म्हणून दुसरा तुकडा घेतला, तो तसाच निघाला, तिसरा घेतला, तो तर पार गटारात पडलेला. चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, तक्रार काय आहे? काका म्हणाले, "आटे झिंगतात." डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही घेता का?"

राहता राहिला हात. हे नाव काका मनातसुद्धा घेत नव्हते. गवयाचा गळा गेला तर तो शिकवण्या करतो, पैलवानाचं अंग गेलं तर तो आठवणी सांगतो. कातारी हात गेल्यावर काय करणार? त्यांनी चोरून परीक्षा घ्यायला सुरुवात केली. सुईत दोरा ओवला. पहिल्या फटक्यात गेला. चहाचा कप काठोकाठ भरला आणि तो हातात घेऊन घरभर हिंडले. बैठकीतून आत, आतून मागे, मागून स्वयंपाकघरात. थेंब सांडला नाही. काकू ओट्यापाशी उभ्या राहून ही मिरवणूक बघत होत्या. पूर्वीच्या काळी या एका कपावर अर्धा तास निघाला असता. त्या म्हणाल्या, "गार होईल." बस्स.

हात स्थिर होता. आटे झिंगत होते. हे म्हणजे माणूस शुद्धीवर आणि त्याची सावली प्यायलेली, तशातला प्रकार.

साडूंच्या कानावर गेलंच. ते एक डबी घेऊन आले. "साडूभाऊ, आता वयाशी भांडू नका. हे ठेवा." डबीत एक डाय होती आणि तिच्या जोडीचा टॅप. डाय म्हणजे पोलादी चकती, मधल्या भोकाला आतून दाते. ती दांड्यावर धरून फिरवली की आटे बाहेरून तयार. टॅप टोपणात फिरवला की आतून तयार. साडूंनी तिथल्या तिथे एका तुकड्यावर करून दाखवलं. आटे सुरेख पडले. "बघा! मी जन्मात पेन केलं नाही, तरी मला आले. यात हात लागतच नाही."

त्यांनी हे दिलासा म्हणून सांगितलं. काकांनी डबी खणात चिंध्यांच्या खाली घातली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

"जेवा," काकू म्हणाल्या.

"भूक नाही."

"बरं."

'बरं'! काकांना भूक नाही आणि काकू 'बरं' म्हणतात! लग्न झाल्यापासून या घरात असं झालं नव्हतं.

गाठ सुटली ती एका फोनमुळे. काकू काकांशी बोलत नव्हत्या याचा अर्थ त्या बोलतच नव्हत्या असा नाही. बहिणीचा फोन आला आणि साठलेलं धरण फुटलं. काका मागच्या खोलीत एका भंगार तुकड्याच्या टोकाला उगाच फणी लावून बसले होते. पलीकडून आवाज येत होता: "मी म्हणते, माणूस कप घेऊन घरभर हिंडतो, याला काय म्हणावं, हो की नाही? मी म्हणते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे काय गेले, सांगायचं तरी, हो की नाही?" थोड्या वेळाने फोन बंद झाला. काकांनी तुकडा उलटा केला आणि दुसऱ्या टोकालाही आटे पाडले. मग भिंग लावलं.

दुसऱ्या टोकाचा आटा रोजच्यासारखा तर्र. पहिल्या टोकाचा आटा मात्र सरळ, शहाणा, न्हाऊन-माखून कामाला निघालेला.

काकांनी तो तुकडा दोन-तीनदा उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी ओठ न हलवता म्हणून पाहिलं: मी म्हणते — फणी आत. टॉवेल, कप, डॉक्टर — फणी सरकते. हो की नाही — फणी बाहेर. पुन्हा, मी म्हणते. इतकी वर्षं ज्याला ते आपला हात समजत होते, त्याचा अर्धा भाग पलीकडच्या खोलीत भाजी चिरत होता.

आता सरळ जाऊन हे सांगायचं की नाही? पण पंख्याची उपमा दिलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने सांगायचं? काकांनी आधी आडवाटा धरल्या. रेडिओ लावला. बातम्या देणारी बाई सगळी संकटं एकाच सुरात सांगायची, तोपर्यंत ठीक. मग एकदम साबणाची जाहिरात नाचत यायची आणि फणी उडायची. मग त्यांनी साडूंना बोलावून स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "तुमच्या कारखान्याचं काहीतरी सांगा." साडूंचा ऊर भरून आला, असं आपण होऊन आजवर कोणी विचारलं नव्हतं. पण साडूंच्या वाक्याला शेवट नव्हता. ते एक सुरू झालं ते 'आणि मग मी' करत जे निघालं, त्याच्या नादाने फणी आट्याची जागा ओलांडून दांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली.

म्हणजे काकूंनाच चिडवायला हवं होतं. काकांनी लेथवरचा काळा कीस झटकला तो पलंगाच्या स्वच्छ चादरीवर. काकूंनी चादर गच्चीत नेऊन झटकली. काकांनी त्यांच्या लाडक्या स्टीलच्या वाटीत पॉलिशची लुकण कालवली. काकूंनी ती घासून पालथी घातली. शेवटी काका एबोनाइटचे तुकडे घेऊन कानशीने घासत थेट स्वयंपाकघरात बसले. एबोनाइट तापलं की कुजक्या अंड्यांचं पोतं उघडल्यासारखा वास सुटतो. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, पदर नाकाला लावला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. तोंड उघडलं नाही. शेजारणी म्हणायला लागल्या, "काकू किती शांत झाल्यात! जप वगैरे करतात की काय?"

वकीलबाईंचा निरोप आला की पेन घ्यायला त्या येत्या आठवड्यात येतील. तेव्हा काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभे राहिले.

"अगं, ऐक."

काकूंनी मान वर केली.

"मला ओरड."

"काय झालंय तुम्हाला?"

"आटे पडत नाहीयेत. तू बोलायची थांबलीस तेव्हापासून एक धड आटा पडलेला नाही. तू बोलतेस त्या ठेक्यावर माझी फणी चालते. मला आता कळलं."

काकूंनी सुरी खाली ठेवली. "म्हणजे इतकी वर्षं ऐकत होतात?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं, आणि शहाणपणाचंही. पण काका आट्यांचे सोडून बाकी कशाचेच कारागीर नव्हते. "मी नाही," ते म्हणाले. "हात ऐकत होता."

"मग मी हाताशीच बोलते," काकू म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. "जा, तुम्हाला काय त्याचं! उभे राहा लेथपाशी."

अबोला सुटला. काका लेथपाशी गेले, काकू चौकटीपाशी आल्या, पदर खोचला, घसा साफ केला. आणि काहीच आलं नाही.

"असा सांगून राग येतो का हो? काहीतरी करा ना."

"इतके दिवस करतच होतो!"

"ते आठवलं की हसूच येतं आता. थांबा हं. मी म्हणते... मी म्हणते, न्हाणीघराच्या कडीचा स्क्रू कधीचा सैल झालाय, हो की नाही? मी म्हणते, आत गेलं की दार लागत नाही म्हणून मला मोठमोठ्याने गाणी म्हणावी लागतात, हो की नाही?"

फणी थांबली. "खरंच? म्हणून गातेस तू?"

"मग काय हौस म्हणून? किती वर्षं सांगतेय!"

काकांनी लेथ बंद केला. गावभरच्या झाकणांना नापास करणाऱ्या माणसाच्या घरात कडीचा स्क्रू आटे झिजून नुसता भोकात ठेवलेला होता. त्यांनी भोक बुजवलं, नवं पाडलं, मोठा स्क्रू बसवला. मग परत आले. "हं, बोल."

काकू बोलल्या. नळाच्या गळतीबद्दल बोलल्या. काका उठून नळ दुरुस्त करून आले. कपाटाच्या मुठीबद्दल, खुर्चीच्या डुगडुगत्या पायाबद्दल, स्वतःच्या चष्म्याच्या दांडीबद्दल बोलल्या. नवीन भानगड अशी झाली होती की आता काकांना ऐकू येत होतं. पूर्वी काकूंचा आवाज निघायचा तो सरळ हातात उतरायचा. आता मध्ये कान आले होते. दर वाक्याला त्यांना वाटायचं, अरेरे, एवढं सांगत होती बिचारी, आणि त्या अरेरेवर फणी ठेचकाळायची. चार-पाच दिवसांत घर असं झालं की सगळी दारं लागली, सगळी झाकणं बसली, काही गळेना, काही डुगडुगेना. खिडकीची काच तेवढी काकांनी बसवली नाही, आणि काकूंनीही तिचं नाव काढलं नाही.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. काकूंच्या तक्रारी संपल्या. त्या चौकटीत कोपर टेकून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "किती छान वाटतंय हो घर आता. खरंच. तुम्ही म्हणजे ना, मनात आणलं की..." आणि वाक्य तिथेच विरघळून जायचं. कौतुकाच्या वाक्याला शेंडा-बुडखा नसतो. त्याच्यावर फणी चालत नाही.

वकीलबाईंचा फोन आला: "उद्या संध्याकाळी येते, काका. परवा सकाळी खुर्चीत बसायचंय." काका "हो, या" म्हणाले, मागच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि खणातल्या चिंध्या बाजूला केल्या. डाय फिरवली, टॅप फिरवला. काम इतकं झटकन झालं की त्यांना लाजायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही. आटे सरळ होते. भिंगातून बघितलं तरी सरळ होते. निब बसवली, पेन चमकवलं. कोणाला काय कळणार होतं? बाईंना? शाई भरली की पेन लिहितं. कागदाला हात आणि डाय यातला फरक कळत नाही. अशी बरीच समजूत त्यांनी स्वतःची घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बाई यायच्या जरा आधी, त्यांनी पेन चौकटीतून पलीकडे दिलं आणि पाठ फिरवून उगाच लेथ पुसायला लागले.

काकूंनी पेन फडक्याने पुसलं. टोपण काढलं. लावलं. परत काढलं. परत लावलं. मग फडकं खाली ठेवलं.

"हे कोणी केलं?"

"कोणी म्हणजे?"

"तुमच्या टोपणाला सुरुवातीला जराशी वाट बघावी लागते. फिरवायला लागलं की ते क्षणभर विचार करतं आणि मग धरतं. हे मेलं लगेच धरतंय. हे तुमच्या हातचं नाही."

काका लेथच पुसत राहिले.

"तुमच्या साडूंची डबी उघडलीत."

त्यांनी काहीतरी हाताशी असावं म्हणून एबोनाइटचा कातलेला दांडा लेथवर चढवला आणि बटण दाबलं. गुन्हेगार माणसाला कामात असल्यासारखं दिसणं बरं पडतं.

"मी म्हणते, बाईंनी तुमच्या हातचं मागितलं होतं, हो की नाही? मी म्हणते, नाही जमलं तर नाही जमलं असं सांगायला तोंड आहे, हो की नाही? मी म्हणते, मी एवढी पेनं पुसली ती माझी बोटं काय लाकडाची आहेत असं वाटलं, हो की नाही?"

आवाज वर चढत गेला. अशा आवाजात काकू लग्नानंतर एकदाच बोलल्या असतील. काकांनी पहिलं वाक्य ऐकलं, ते शब्दन् शब्द खरं होतं, आणि त्यापुढचंही तसंच असणार हे त्यांना माहीत होतं. ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी कधी फणी उचलली, कधी टेकणावर ठेवली, त्यांनाच कळलं नाही. आत, सरक, बाहेर. काळ्या किसाचे बारीक धागे उडायला लागले. काकू बोलत होत्या, सासऱ्यांच्या पलंगाच्या पायांपासून ते साडूंच्या नाकापर्यंत सगळं त्यात येत होतं, आणि दांड्यावर चर एकाखाली एक असे उतरत होते की काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत. हात मोकळा नव्हता.

बाहेर वकीलबाईंनी दार वाजवलं. कोणाला ऐकू जाणार? त्या लोटलेल्या दारातून आत आल्या, आवाजाच्या रोखाने मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काकूंनी त्यांना बघितलं, पण थांबल्या नाहीत. उलट त्यांना सामील करून घेतलं.

"या, बरं झालं आलात. मी म्हणते, तुम्हीच सांगा, तुमचं पेन म्हणून यांच्या साडूच्या डबीतलं पेन गळ्यात मारणं याला काय म्हणतात, हो की नाही?"

तक्रार बाईंना पहिल्यापासून सांगण्यात आली. त्यांनी स्टुलावरचा कीस झटकला, त्याच्यावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि दोन्हीकडे बघितलं. चौकटीत फिर्यादी लालबुंद. लेथवर आरोपी, मान खाली, हात चालू.

"आरोपीला काही म्हणायचंय?" त्यांनी विचारलं.

काकांनी फणी बाहेर घेतली, दांडा थांबवला, भिंग लावून बघितलं. मग टोपणाचा पोकळ तुकडा लेथवर चढवता चढवता, वर न बघताच म्हणाले, "गुन्हा कबूल आहे, बाई. फक्त निकाल जरा पुढे ढकला आणि हिला थांबवू नका. दांडा झाला, टोपण अजून राहिलंय."

वकीलबाईंनी काकूंकडे वळून हातानेच खूण केली, चालू द्या.